‘क्ष’ कशाला मानायचा? : भास्कराचार्यांचे एकवर्ण समीकरण आणि पाठ्यपुस्तकातील शाब्दिक उदाहरण – एक चिकित्सा

प्रस्तावना :

शालेय गणितात ‘शाब्दिक उदाहरण’ हा एक स्वतंत्र लेखनप्रकार आहे. तीन-चार वाक्यांची एक परिस्थिती, त्यात एक-दोन संख्या, एक न सांगितलेली संख्या आणि शेवटी ‘तर ... किती?’ हा प्रश्न, असा त्याचा ठरलेला आकृतिबंध असतो. महाराष्ट्रातील प्रत्येक शिकलेल्या माणसाने आयुष्यात असे शेकडो परिच्छेद वाचलेले असतात. कथा, कविता, निबंध यांची समीक्षा आपल्याकडे विपुल झाली. परंतु इतक्या मोठ्या वाचकवर्गाने सक्तीने वाचलेल्या या गद्यप्रकाराकडे संहिता म्हणून क्वचितच पाहिले गेले. गणिताचे प्राध्यापक त्याकडे केवळ समीकरणाचे वेष्टन म्हणून पाहतात, तर भाषेचे प्राध्यापक तो आपला प्रांत मानीत नाहीत. परिणामी तो कोणाचाच राहिलेला नाही.

प्रस्तुत लेखक वर्धा जिल्ह्यातील ग्रामीण विद्यार्थी बहुसंख्येने असलेल्या महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करतो. पदवीच्या पहिल्या वर्षात येणारे अनेक विद्यार्थी दिलेले एकचल समीकरण बिनचूक सोडवितात; मात्र तेच समीकरण चार ओळींच्या मराठी मजकुरातून उभे करायचे म्हटले की थबकतात. त्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो : ‘सर, क्ष कशाला मानायचा?’ हा प्रश्न आपण आळसाचे लक्षण समजतो. वास्तविक तो या विषयातील सर्वांत मूलगामी प्रश्न आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी व अध्यापनपद्धतीने तो विचारण्याची आवश्यकताच नाहीशी केली आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी भास्कराचार्यांची ‘लीलावती’ व ‘बीजगणित’, आजच्या पाठ्यपुस्तकातील उदाहरणांचे परिचित नमुने आणि १९३७ च्या वर्धा शिक्षण योजनेतील गणितविचार या तिन्हींची तुलना येथे केली आहे.

१. इष्टकर्म आणि यावत्तावत् :

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ त्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० साली सिद्ध केला. ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग मानले जातात. चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद तेथील १२०७ च्या शिलालेखात असून त्याचा अखेरचा भाग तत्कालीन मराठीत आहे. म्हणजे या ग्रंथांच्या अध्यापनाची परंपरा मराठी भूमीत आठशे वर्षांहून जुनी आहे. विदर्भापुरते बोलायचे तर पुढे काशीच्या संस्कृत महाविद्यालयात कीर्ती मिळविणारे बापूदेव शास्त्री यांनी या दोन्ही ग्रंथांचे प्रारंभिक अध्ययन नागपुरातच ढुंढिराज मिश्र यांच्याकडे केले होते. १८३८ मध्ये लान्सलॉट विल्किन्सन यांनी त्यांना सिहोरच्या पाठशाळेत नेले, आणि १८४२ मध्ये ते काशीला रुजू झाले.

‘लीलावती’त अज्ञात संख्या शोधण्याची एक रीत ‘इष्टकर्म’ या नावाने येते. कोणतीही सोयीची संख्या ‘इष्ट’ म्हणून धरावी, उदाहरणात सांगितलेल्या सर्व क्रिया तिच्यावर कराव्यात, आणि मग दिलेल्या संख्येला इष्टाने गुणून आलेल्या फलाने भागावे. तीर्थयात्रेकरूचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्याने आपल्या द्रव्यापैकी निम्मे प्रयागला दिले, उरलेल्याचे दोन नवमांश काशीला, उरलेल्याचा चतुर्थांश वाटेत जकातीपायी आणि त्यातून उरलेल्याचे सहा दशांश गयेला. शेवटी ६३ निष्क उरले, तर मूळ द्रव्य किती? समजा इष्ट ३६० धरले. प्रयागनंतर १८०, काशीनंतर १४०, जकातीनंतर १०५ आणि गयेनंतर ४२ उरतात. ४२ उरण्यास ३६० लागतात, तर ६३ उरण्यास किती? त्रैराशिकाने उत्तर ५४० येते.

ही रीत फार प्राचीन आहे. इसवी सनापूर्वी १६५० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ऱ्हिंड पपायरसमध्येही ‘रास आणि तिचा सप्तमांश मिळून १९’ अशा धर्तीची उदाहरणे याच मार्गाने सोडविलेली आढळतात. तिचे सामर्थ्य असे की अज्ञाताला नाव देण्याची गरजच पडत नाही. तिची मर्यादाही तेथेच आहे. मूळ संख्या दुप्पट केली असता शेवटचे फलही दुप्पट होत असेल, तरच ही रीत चालते. आजच्या परिभाषेत अक्ष = ब एवढ्याच स्वरूपाच्या समीकरणांपुरती ती उपयुक्त आहे.

‘बीजगणिता’तील एकवर्ण-समीकरण प्रकरणातील घोड्यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एकाजवळ ३०० रूपे रोख आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ तेवढ्याच किमतीचे १० घोडे आहेत, पण त्याच्यावर १०० रूपांचे ऋण आहे. दोघेही सारखेच धनवान आहेत, तर घोड्याची किंमत किती? येथे घोड्याची किंमत १० धरून पाहिली तर एका बाजूला ३६० आणि दुसऱ्या बाजूला शून्य येते. त्रैराशिक लावण्यास आधारच उरत नाही. अज्ञात दोन्ही बाजूंना आहे आणि दोन्ही बाजूंना त्याच्या जोडीला ज्ञात संख्याही आहेत. अशा वेळी अज्ञाताला नाव द्यावेच लागते. भास्कराचार्य त्याला ‘यावत्तावत्’ म्हणतात, म्हणजे ‘जेवढे असेल तेवढे’, आणि त्याचे ‘या’ हे संक्षिप्त रूप वापरतात. दोन पक्ष मांडायचे, एका पक्षातील अव्यक्त दुसऱ्यातून वजा करायचे, रूपे उलट बाजूने वजा करायची, म्हणजे ४ या = ४०० आणि घोड्याची किंमत १००.

अरबी गणितज्ञांनी अज्ञाताला ‘शय’ म्हणजे वस्तू म्हटले, इटालियन ग्रंथकारांनी त्याच अर्थाने ‘कोसा’ म्हटले, आणि देकार्तच्या १६३७ च्या ‘भूमिती’नंतर वर्णमालेतील शेवटची अक्षरे अज्ञातासाठी रूढ झाली. जुन्या मराठी गणिताच्या वळणातील ‘क्ष मानू’ हे याच परंपरेचे मराठी रूप. परंतु ‘यावत्तावत्’ या शब्दातील एक गोष्ट ‘क्ष’मध्ये हरवली. ‘यावत्तावत्’ हे केवळ चिन्ह नाही. ‘ते किती आहे हे मला ठाऊक नाही, तरीही मी त्याच्याविषयी बोलणार आहे’ अशी ती एक भूमिका आहे.

२. अज्ञाताची निवड :

एकवर्ण प्रकरणातील आणखी एक उदाहरण प्रस्तुत विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे. एक जण म्हणतो, ‘मित्रा, मला १०० दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट धनवान होईन.’ दुसरा म्हणतो, ‘तू मला १० दे, म्हणजे मी तुझ्या सहापट होईन.’ तर दोघांचे धन किती?

आजच्या अभ्यासक्रमात एकचल समीकरणे आठवीत आणि दोन चलांतील रेषीय समीकरणे नववीत येतात. त्या विभागणीनुसार हे उदाहरण नववीचे ठरेल; कारण दोन माणसे, दोन अज्ञाते आणि म्हणून दोन चले. भास्कराचार्य मात्र ते अनेकवर्ण प्रकरणात न घेता एकवर्णातच घेतात. ते पहिल्याचे धन ‘या’ मानीत नाहीत, दुसऱ्याचेही मानीत नाहीत. पहिल्याचे धन २ या वजा १०० आणि दुसऱ्याचे १ या अधिक १०० अशी कल्पना करतात. पहिल्याला १०० मिळाले की त्याचे २ या होतात, दुसऱ्याचे १ या उरतात. म्हणजे पहिली अट मांडणीतच पूर्ण झाली. आता केवळ दुसऱ्या अटीचे समीकरण करायचे :

या + ११० = ६ (२ या − ११०)

यावरून ११ या = ७७०, या = ७०; म्हणून पहिल्याचे धन ४० आणि दुसऱ्याचे १७०.

येथे ‘या’ कशाचे नाव आहे, हे विचारून पाहावे. ते कोणाच्याच आजच्या धनाचे नाव नाही. पहिली देवघेव झाली असती तर दुसऱ्याजवळ जे उरले असते, त्याचे ते नाव आहे. आणि ती देवघेव तर झालेलीच नाही. म्हणजे भास्कराचार्यांनी अज्ञात म्हणून निवडलेली राशी प्रश्नात विचारलेली नाही, आणि प्रत्यक्ष जगात ती कोठे अस्तित्वातही नाही. उदाहरणाचा मजकूर बारकाईने वाचला, पहिल्या वाक्यात कोणता क्षण गृहीत आहे हे ओळखले, तेव्हाच ही निवड सुचते. ‘गोलाध्याया’त भास्कराचार्य अशा आशयाचे विधान करतात की, बीज हे वर्णांत नसते, बुद्धी हेच बीज होय. वरील उदाहरण हे त्या विधानाचे प्रात्यक्षिकच म्हणावे लागेल. अक्षर कोणते, हा प्रश्न गौण आहे. ते कशाला द्यायचे, हा मुख्य.

तथापि भास्कराचार्यांचे उदात्तीकरण करून हा विषय संपविता येणार नाही. ‘लीलावती’त कमळे व भुंगे आहेत तसेच व्यस्त त्रैराशिकाच्या प्रकरणात सोळा वर्षांच्या स्त्रीची किंमत ३२ निष्क असेल तर वीस वर्षांच्या स्त्रीची किती, असाही प्रश्न आहे. त्याच नियमाचा दाखला म्हणून पुढे बैल येतात. उदाहरणाचा संदर्भ कधीही निष्पाप नसतो. तो ज्या समाजात लिहिला गेला त्या समाजात काय विकले जात होते आणि कोण विकत होते, हे तो नकळत सांगून जातो. ही कसोटी आपल्या काळातील उदाहरणांनाही लावली पाहिजे.

३. पाठ्यपुस्तकातील उदाहरण : लपविलेले अज्ञात :

आपल्या पाठ्यपुस्तकांतील एकचल समीकरणांवरील शाब्दिक उदाहरणे मोजक्या साच्यांत बसतात : वये, अंकांची अदलाबदल, आयताची लांबी-रुंदी, नोटा व नाणी, तिकिटे, पेन आणि वह्या. एक सर्वपरिचित नमुना घेऊ. वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे. १२ वर्षांनंतर ते दुप्पट होईल, तर मुलाचे आजचे वय किती? रूढ उत्तर असे : ‘मुलाचे वय क्ष मानू. म्हणून वडिलांचे ३क्ष. म्हणून ३क्ष + १२ = २(क्ष + १२). म्हणून क्ष = १२.’

यात गणिती दोष काहीच नाही. परंतु पहिल्याच ओळीत, जेथे विचार व्हायला हवा होता तेथे, तो झालेला नाही. ‘जे विचारले आहे ते क्ष माना’ हा नियम विद्यार्थ्याला आधीच देऊन ठेवलेला असतो. १२ वर्षांनंतरचे मुलाचे वय क्ष मानले तर काय होईल, हे कोणी विचारीत नाही. तसे केल्यास २क्ष − १२ = ३(क्ष − १२) हे समीकरण मिळते आणि क्ष = २४, म्हणजे आजचे वय पुन्हा १२. किंबहुना मजकूर नीट वाचला तर लक्षात येते की दोघांच्या वयांतील फरक कधीच बदलत नाही. आज तो मुलाच्या वयाच्या दुप्पट आहे. १२ वर्षांनंतर तो मुलाच्या त्या वेळच्या वयाएवढा असेल. म्हणजे आजच्या वयाची दुप्पट आणि आजचे वय अधिक १२ या दोन्ही एकच संख्या. समीकरण न मांडताच उत्तर हाती येते. हे तिन्ही मार्ग एकाच परिच्छेदाची तीन वाचने आहेत. आपण त्यांतील एकालाच मान्यता देतो आणि उरलेली दोन विद्यार्थ्याच्या दृष्टीआड ठेवतो.

याहून खोल असा दुसरा आक्षेप आहे. या उदाहरणातील वडिलांना स्वतःचे वय ठाऊक आहे, मुलालाही आहे. ते ठाऊक असल्याखेरीज तिप्पट-दुप्पट हे विधान करणेच शक्य नाही. म्हणजे येथील अज्ञात हे खरे अज्ञात नव्हे. ते फक्त विद्यार्थ्यापासून लपविलेले आहे. विद्यार्थ्यालाही हे आतून कळत असते, आणि म्हणून तो मजकूर वाचणे सोडून संख्या वेचू लागतो. फ्रान्समधील ग्रनोबल येथील गणित-अध्यापन संशोधन संस्थेने १९८० च्या सुमारास प्राथमिक शाळेतील मुलांना असा प्रश्न घातला होता की, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या संख्यांची काही ना काही क्रिया करून उत्तर दिले. हा मुलांच्या बुद्धीचा दोष मानता येत नाही. शाब्दिक उदाहरणातील शब्दांना अर्थ नसतो, हे त्यांनी शाळेतूनच शिकून घेतले होते.

यावर असा युक्तिवाद केला जाईल की, भास्कराचार्यांचे भुंगे आणि यात्रेकरू तरी कोठे खरे आहेत? हा आक्षेप रास्त आहे. फरक असा की ‘लीलावती’तील उदाहरण आपण कल्पित आहोत हे उघड सांगते. ते श्रोत्याला संबोधून, जणू कोड्याच्या मैफलीत घातलेले असते. पाठ्यपुस्तकातील उदाहरण मात्र वास्तवाचा आव आणते आणि वास्तवाची जबाबदारी घेत नाही. ते कोडे म्हणून रंजक नसते आणि व्यवहार म्हणून विश्वसनीयही नसते.

४. मराठी वाक्य आणि समीकरण :

शाब्दिक उदाहरणाचे समीकरण करणे हे भाषांतर आहे असे म्हटले जाते. तसे असेल तर मूळ भाषेचे व्याकरण विचारात घेतलेच पाहिजे. अमेरिकेत जॉन क्लेमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या आसपास केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ‘या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य देऊन त्याचे समीकरण मांडण्यास सांगितले असता अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातील ३७ टक्के विद्यार्थी चुकले, आणि बहुतेकांची चूक एकच होती : त्यांनी सहाने प्राध्यापकांऐवजी विद्यार्थ्यांना गुणले. त्या इंग्रजी वाक्यात ‘सहापट’ हा शब्दसमूह ‘विद्यार्थी’ या शब्दाला चिकटून येतो, हे या चुकीमागील एक कारण मानले जाते.

मराठी वाक्य पाहा : ‘विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत.’ येथे षष्ठीचा प्रत्यय ‘सहापट’ला ‘प्राध्यापकां’शी बांधून टाकतो आणि ‘आहेत’ हे समतेचे चिन्ह बनते. वि = ६प्रा हे समीकरण जवळजवळ शब्दशः वाक्यातच आहे. म्हणजे या प्रकारच्या संबंधांसाठी मराठीची घडण अनुकूल आहे, आणि या अनुकूलतेचा उपयोग आपण अध्यापनात करून घेत नाही.

मराठीच्या स्वतःच्या अडचणीही आहेत. ‘संख्येची तिप्पट करून ती ७ ने कमी केली’ आणि ‘७ ने कमी केलेल्या संख्येची तिप्पट केली’ या दोन वाक्यांत शब्द जवळजवळ तेच आहेत. पण पहिल्याचे रूप ३क्ष − ७ आणि दुसऱ्याचे ३(क्ष − ७) असे होते. कंसाचे काम येथे ‘करून’ हे धातुसाधित अव्यय आणि ‘केलेल्या’ हे धातुसाधित विशेषण करतात. म्हणजे कंस कोठे घालायचा हा प्रश्न धातुसाधितांच्या ज्ञानाचा आहे, आणि ते ज्ञान मराठीच्या तासाला वेगळे व गणिताच्या तासाला वेगळे असू शकत नाही. त्याचप्रमाणे ‘ने’ हा एकच प्रत्यय ‘५ ने वाढविले’, ‘५ ने गुणले’, ‘५ ने मोठा’ अशा तीन ठिकाणी तीन कामे करतो. सेमी-इंग्रजीच्या वर्गात तर घरची मराठी, शाळेची मराठी आणि पुस्तकाची इंग्रजी अशा तीन पायऱ्या ओलांडून विद्यार्थी समीकरणापर्यंत येतो. तो क्ष पाशी अडखळला असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो पुष्कळ अगोदर अडखळलेला असतो.

५. वर्धा योजनेचा आक्षेप आणि तिची मर्यादा :

शाळेतील गणित जीवनापासून तुटले आहे, हा आक्षेप ज्यांनी सर्वांत गंभीरपणे घेतला त्यांचे कार्य याच जिल्ह्यात झाले. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अहवाल सादर केला. आणि पुढे हिंदुस्तानी तालिमी संघाच्या द्वारे सेवाग्राम येथे आर्यनायकम् दांपत्याने ही कल्पना प्रत्यक्षात आणली. हस्तोद्योग, घर व समाज यांतून उद्भवणारे हिशेब विद्यार्थ्याला सोडविता यावेत, हे या अहवालात गणिताचे उद्दिष्ट मानले गेले. मूलभूत क्रिया, अपूर्णांक, त्रैराशिक, एकमान पद्धती, व्याज, क्षेत्रमापन, हिशेबलेखन असा त्याचा आवाका होता.

या विचाराचे मोठेपण असे की त्याने लपविलेल्या अज्ञाताला रजा दिली. १६० तारांची एक लटी आणि ४ लट्यांची एक गुंडी. तासाला २ लट्या या वेगाने ५ गुंड्या सूत काढण्यास किती तास लागतील, हा प्रश्न चरख्यावर बसलेल्या मुलाचा स्वतःचा प्रश्न आहे. उत्तर १० तास. आणि ते बरोबर की चूक हे शिक्षक नव्हे, सूत सांगेल.

परंतु वर दिलेल्या आवाक्याकडे पुन्हा पाहिले असता एक गोष्ट जाणवते. त्यात त्रैराशिक आहे, बीजगणित नाही. हस्तोद्योगातून सहज उगवणारे प्रश्न बहुधा प्रमाणाचे असतात, म्हणजे इष्टकर्माच्या कक्षेत मावणारे. घोड्यांच्या उदाहरणासारखा, दोन्ही बाजूंना अज्ञात असलेला प्रश्न टकळीतून आपोआप येत नाही. त्यासाठी ‘असे असते तर’ असा विचार करावा लागतो. उदाहरणार्थ, एकाजवळ ३ गुंड्या आधीच तयार आहेत आणि तो तासाला २ लट्या काततो. दुसरा रिकाम्या हाताने बसतो पण तासाला ३ लट्या काततो. दोघे केव्हा बरोबरीस येतील? १२ + २क्ष = ३क्ष, म्हणून १२ तासांनी. चरखा तोच, सूत तेच. पण हा प्रश्न सुताने विचारलेला नाही, कल्पनेने विचारलेला आहे. नई तालीमच्या गणितविचारात श्रमाला प्रतिष्ठा मिळाली, पण कल्पनेला तेवढी जागा मिळाली नाही, असे नम्रपणे नोंदवावेसे वाटते. श्रमिकाच्या मुलाला हिशेब पुरे आणि बीजगणित इतरांसाठी, असा या विचाराचा हेतू निश्चितच नव्हता. मात्र तसा अर्थ घेण्यास वाव राहिला. २००५ मध्ये सेवाग्राम येथे आनंद निकेतन ही शाळा पुन्हा सुरू झाल्यामुळे हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहिलेला नाही.

६. बटई, ठेका आणि खरे अज्ञात :

लपविलेले अज्ञात नको आणि केवळ त्रैराशिकही नको, तर तिसरा मार्ग कोणता? प्रस्तुत लेखकाने वर्गात मांडलेले एक उदाहरण येथे देतो. त्यातील आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत.

एका कुटुंबाला एक एकर कोरडवाहू शेत कापसासाठी घ्यायचे आहे. ठेक्याने घेतल्यास मालकाला ११,००० रुपये रोख द्यायचे आणि लागवडीचा २०,००० रुपये खर्च स्वतः करायचा. कापूस सगळा आपला. बटईने घेतल्यास खर्च निम्मा आणि कापूसही निम्मा. भाव क्विंटलला ७,००० रुपये धरला, तर कोणता व्यवहार बरा?

वर्गात काही वेळ शांतता होती. मग मागच्या बाकावरील एक विद्यार्थी म्हणाला, ‘सर, पण पेरताना किती पिकन हे कोणाले माहीत असते?’

तो विद्यार्थी उत्तर टाळत नव्हता. त्याने अज्ञात ओळखले होते. उदाहरणात उत्पन्नाविषयी एक अक्षरही नव्हते आणि प्रश्नही त्याविषयी नव्हता. तरीही संपूर्ण व्यवहार ज्या एका राशीवर उभा आहे ती त्याने नेमकी उचलली. उत्पन्न क्ष क्विंटल मानले की ठेक्यात हाती ७०००क्ष − ३१००० उरतात आणि बटईत ३५००क्ष − १०००० उरतात. दोन्ही समान केल्यास ३५००क्ष = २१०००, म्हणून क्ष = ६. सहा क्विंटल पिकले तर दोन्ही व्यवहारांत ११,००० रुपयेच उरतात. नऊ पिकले तर ठेक्यात ३२,००० आणि बटईत २१,५००. चारच पिकले तर बटईत ४,००० उरतात आणि ठेक्यात ३,००० रुपये अंगावर येतात.

या उदाहरणातील अज्ञात कोणी लपविलेले नाही. ते मालकाला ठाऊक नाही, कुटुंबाला नाही आणि शिक्षकालाही नाही. समीकरणाने ते ज्ञातही होत नाही; ‘क्ष = ६’ हे उत्पन्नाचे भाकीत नव्हे, निर्णयाची सीमारेषा आहे. ‘जेवढे असेल तेवढे’ हा यावत्तावत्‌चा अर्थ येथे अक्षरशः खरा ठरतो. त्यानंतर वर्गात जी चर्चा झाली ती अधिक मोलाची होती. घरच्या बायामाणसांची मजुरी २०,००० मध्ये धरली आहे का, असे एका विद्यार्थिनीने विचारले. ती धरलेली नव्हती. ती धरली तर बटईत मालक तिचा निम्मा भार उचलतो का, हा पुढचा प्रश्न. आणि त्याच्या उत्तराप्रमाणे समीकरण बदलते. समीकरण मांडणे म्हणजे काय मोजायचे आणि काय मोजायचे नाही हे ठरविणे, ही गोष्ट त्या दिवशी कोणाला वेगळी समजावून सांगावी लागली नाही. सोळा वर्षांच्या स्त्रीची किंमत काढणारे उदाहरण जे गृहीत धरून चालते, ते येथे एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाने उघडे पडले.

यावरील संभाव्य आक्षेपांचाही विचार केला पाहिजे. पहिला असा की, दुर्बल विद्यार्थ्याला ‘विचारले आहे ते क्ष माना’ हा ठाम नियमच आधार देतो आणि परीक्षेत पायरीगणिक गुण मिळतात. हा आक्षेप व्यवहार्य आहे. आरंभी तो नियम द्यावाही. परंतु शिडी म्हणून, घर म्हणून नव्हे. दुसरा आक्षेप असा की स्थानिक उदाहरणे सर्व राज्यासाठी असलेल्या पाठ्यपुस्तकात घालता येत नाहीत. हेही खरे आहे. म्हणूनच ही जबाबदारी पुस्तकाची नसून शिक्षकाची आहे, आणि शिक्षक घडविणाऱ्या महाविद्यालयांची आहे.

समारोप :

वरील विवेचनातून पुढील गोष्टी निदर्शनास येतात. एक, एकचल समीकरणाने शाब्दिक उदाहरण सोडविण्यातील बौद्धिक कार्य समीकरण सोडविण्यात नसून अज्ञाताच्या निवडीत आहे. भास्कराचार्यांनी दोन अज्ञातांचा प्रश्न एका वर्णात सोडवून ते दाखविले आहे. दोन, पाठ्यपुस्तकातील रूढ उदाहरणे ही निवड आधीच करून टाकतात आणि लपविलेल्या अज्ञातावर आधारलेली असतात. म्हणून ती वाचली जात नाहीत, केवळ उरकली जातात. तीन, मराठीच्या वाक्यरचनेत समीकरणाला अनुकूल अशी घडण आहे. तिचा उपयोग भाषा व गणित या दोन्ही विभागांनी मिळून करायला हवा. चार, वर्धा योजनेने उदाहरणाला जीवनाचा आधार दिला, परंतु त्रैराशिकापलीकडे जाण्यासाठी त्याला कल्पनेची जोड आवश्यक आहे.

पॉल्या यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात कोणत्याही समस्येला विचारण्याच्या प्रश्नांत ‘अज्ञात कोणते?’ हा प्रश्न अग्रभागी ठेवला आहे. आमच्या विद्यार्थ्यांचा ‘क्ष कशाला मानायचा?’ हा प्रश्न त्याहून फारसा वेगळा नाही. तो विचारणाऱ्या विद्यार्थ्याला ‘उदाहरणात जे विचारले आहे ते मान’ असे सांगून खाली बसविण्यापूर्वी आपण क्षणभर थांबले पाहिजे. त्याच्या घरी दर पावसाळ्याच्या तोंडावर हाच प्रश्न सोडविला जातो, आणि तोही कागदाशिवाय.